एक तास अडतीस मिनिटं

दोन आडबाजूचे विमानतळ. दोन्हीकडे एकेक धावपट्टी, मध्ये थेट विमान नाही. म्हणून मी परवा भलत्याच दिशेच्या एका अवाढव्य विमानतळावर रात्र काढून बसले होते. खुर्च्यांना मुद्दाम हात बसवलेले, म्हणजे कुणी चुकूनही आडवं होऊ नये.

शेजारी एक काका.

"कुठून? कुठे?"

मी सांगितलं. त्यांनी लगेच मोबाइलवर दोन्ही नावं टाकली.

"नऊशे दहा किलोमीटर! एक तास अडतीस मिनिटं!"

"थेट विमान नाही हो."

"पण इथे दिलंय ना." त्यांनी पडदा माझ्या नाकासमोर धरला. "मग तुम्ही इकडे काय करताय?"

जणू मी हौसेने वाट वाकडी करून काकांना भेटायला आले होते!

हे आकडे कसे निघतात ते मला ठाऊक आहे. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं अंतर घ्यायचं, ताशी आठशेने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. विमान आहे की नाही, हे विचारायचंच नाही. सेंट हेलेना ते असेन्शन बघा. अटलांटिकमधली दोन बेटं, हवाई अंतर साधारण तेराशे किलोमीटर, म्हणजे दोन तास. पण २०१७ मध्ये सेंट हेलेनाला नियमित विमानसेवा सुरू झाली तेव्हा असेन्शनचं विमान महिन्यातून एकदाच होतं. चुकलं तर दोन तास अधिक एक महिना. उलट स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, आणि तिथे खरोखर विमान जातं! वारा अनुकूल होता तेव्हा ५३ सेकंदांत पोचलंय. त्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

यातलं थोडं काकांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि घरी फोन लावला.

"अगं, इथे एक बाई आहेत. एक तास अडतीस मिनिटांच्या प्रवासाला कालपासून निघाल्यात... नाही, नाही, शिकलेल्या दिसतात."

मग फोनवर हात ठेवून मला, "ही विचारतेय, गाडीने का नाही गेलात?"

"मध्ये समुद्र आहे."

"समुद्र आहे म्हणतात." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. "बोटीचं विचारतेय."

बोटीचं मीही बघितलं होतं. आठवड्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर. पण हे त्या बाईंना, ज्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही, मी का समजावून सांगावं?

खरं दुखणं वेगळंच आहे. मोठ्या दोन शहरांमध्ये तासाला विमानं सुटतात आणि तिकिटं स्वस्त. आमच्यासारख्यांनी आधी उलट्या दिशेला जायचं, तेवढंच परत यायचं आणि या वळशाचे पैसेही आपणच मोजायचे. शिवाय त्या कंपनीचा नियम असा, की दोन तासांपेक्षा मोठं उड्डाण असेल तरच जेवण. माझं प्रत्येक उड्डाण त्याच्या आतलं. म्हणजे दिवसभर हवेत, आणि हातात पाण्याचा इवलासा पेला.

हेही मी काकांना सांगितलं. ते पुन्हा मोबाइलमध्ये डोकावले.

"एक तास अडतीस मिनिटांत जेवण कोण देणार हो?"