मारव्यातला पंचम

काल संध्याकाळी माझ्या स्केचबुकातलं एक पान कोथरूडला गेलं. मी नाही गेले, पान गेलं. डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहून मोकळी होते.

तर मी गाण्याच्या कार्यक्रमांना वही घेऊन जाते आणि अंधारात चित्रं काढते. निळा म्हणून लावलेला रंग बाहेर ट्यूबलाइटखाली जांभळा निघतो, ते चालायचंच. आवाज मात्र करायचा नाही. आलापात पेन्सिलसुद्धा खरखरते हो, म्हणून ब्रशपेन. आणि पान उलटायचं ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे 'वाह' करतात तेव्हा. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात तालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं, त्यामुळे सम चुकली की बसा जुन्याच पानावर गिरवत.

काल मारवा राग होता आणि शेजारी एक काका होते. काका ताल स्वतःच्याच मांडीवर देत होते, तक्रार नाही, पण खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे दर 'धिं'ला माझ्या गवयाची मान थोडी थोडी वाकडी होत गेली. मग काका वहीवर ओणवे झाले.

"तंबोऱ्याला चार तारा काढल्यात."

"चारच असतात ना."

"पण मारव्यात पंचम वर्ज्य, 'प' लागतच नाही. मग पंचमाची तार कशाला?"

मी वळून बघितलं. चेष्टा नव्हती, माणूस मनापासून विचारत होता. "काका, पंचम नसला की ती तार निषादाला, 'नि'ला लावतात, काढून नाही ठेवत," मी कुजबुजले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. माझ्याकडे.

"ते माहितीय हो मला! पण चित्रात ते दिसतंय कुठे?"

यावर काय बोलणार? 1911 च्या जानेवारीत म्युनिकला शोएनबर्ग या संगीतकाराचं संगीत ऐकून चित्रकार कांडिन्स्कीने चित्र काढलं, त्यात पिवळाच पिवळा रंग आणि पियानो म्हणजे एक मोठा काळा ठोकळा. त्याला नाही कुणी विचारलं पट्ट्या किती म्हणून. आपल्याकडे रागांची चित्रं काढणाऱ्या जुन्या रागमालावाल्यांनी अख्खा राग झाडाखाली वाट बघणारी बाई करून टाकला, त्यांनाही कुणी स्वर मोजून मागितले नसतील. मलाच बरे भेटतात.

मध्यंतरात मी चहाला गेले, वही खुर्चीवर जागा धरायला ठेवून (चूक माझीच). परत येते तर पहिल्या तारेला बाण काढून, निळ्या बॉलपेनने, ठसठशीत 'नि'. वर काका खूश. "आता कुणाला शंका नको."

मी काहीही बोलले नाही. वय बघून गप्प बसायची सवय, दुसरं काय.

कार्यक्रम संपल्यावर मी ब्रश पुसतेय तोवर, "दोन मिनिटं हं मॅडम, बुवांना दाखवून आणतो," म्हणत त्यांनी पान टर्रकन फाडलं आणि ग्रीनरूमकडे निघालेसुद्धा. वीस मिनिटांनी उगवले. पानावर बुवांची सही, वर काकांचं नाव, 'यांस सप्रेम'. "बुवा म्हणाले, निषाद झकास दाखवलाय!"

"काका, चित्र माझं आहे."

"अहो तुम्ही काय, पाच मिनिटांत दुसरं काढाल! मी कोथरूडला जाऊन फ्रेम करतो."

पाच मिनिटं! त्या एका मानेला मी अर्धा तास दिलाय. समोर फोटोग्राफर होता, त्याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नसती. तबलजीला कुणी म्हणत नाही, तबला ठेवून जा, तुम्ही काय दुसरा आणाल. चित्र म्हणजे मात्र प्रसाद, हात पुढे केला की मिळालाच पाहिजे.

घरी येऊन वही उघडली. पानाच्या जागी फाटकी कड, आणि खालच्या कोऱ्या पानावर बॉलपेन दाबून लिहिल्यामुळे उमटलेला 'नि', बाणासकट.