संत अँथनीला सासू नव्हती

आमच्याकडे सुट्टीत कुठे जायचं हे ठरवायची एक लोकशाही पद्धत आहे, म्हणजे सगळे आपापलं मत सांगतात आणि मग नवरा जिथलं तिकीट काढतो तिथे आम्ही जातो. मुलाला गोवा पाहिजे होता, धाकटीला बर्फ, सासूबाईंना नगरला नणंदेकडे. ३१ डिसेंबरला वॉच नाइटच्या, म्हणजे रात्री बारापर्यंत चालणाऱ्या नव्या वर्षाच्या उपासनेला आपल्याच चर्चमध्ये आपल्याच बाकावर पाहिजे हा सासूबाईंचा कायदा, त्यामुळे नाताळ आणि ३१ यांच्यामधली जी फट उरते त्यात जे बसेल ते. यंदा त्या फटीत जैसलमेर बसलं. मुलं नाराज, सासूबाई नाराज आणि मी मात्र आतल्या आत खूश, कारण मी तेव्हा वाळवंटाचंच एक पुस्तक वाचत होते.

पुस्तक कसलं तर तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमध्ये काही ख्रिस्ती माणसं घरदार सोडून वाळवंटात जाऊन राहिली, गुहेत नाहीतर झोपडीत, चटया-टोपल्या विणायच्या, प्रार्थना करायची आणि कमीत कमी बोलायचं. त्यांना ‘डेझर्ट फादर्स’ म्हणतात. जे थोडंफार बोलले ते नंतरच्या लोकांनी लिहून ठेवलं, त्याचं हे इंग्रजी भाषांतर. दोन-दोन चार-चार ओळींची वचनं, त्यामुळे लोकलमध्ये वाचायला एकदम सोयीचं, बोरिवलीला एक वाचायचं आणि अंधेरीपर्यंत चघळायचं. त्यात बायकाही आहेत, त्यांना अम्मा म्हणतात. एक अम्मा सिंक्लेटिका म्हणून होत्या, त्या म्हणतात की गर्दीत राहूनही माणसाला मनाने एकटं राहता येतं. मला तर दाट संशय आहे की बाई लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसून प्रवास करत असणार. कारण माझ्या अख्ख्या दिवसात कोणी काही मागत नाही अशी जागा तेवढीच.

तर माझा प्लॅन असा की वाळूच्या टेकडीवर बसायचं, समोर सूर्यास्त, हातात पुस्तक, कोणाशी बोलायचं नाही. बॅग भरताना सासूबाईंनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. कव्हरवर दाढीवाले.

‘‘हे रोमन लोकांचं आहे का गं?’’

‘‘आई, तेव्हा रोमन कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असं काही वेगळं नव्हतंच.’’

‘‘मग राहू दे. पण आपलं शास्त्र घेतलंयस ना?’’

शास्त्र म्हणजे बायबल, ते त्यांचं त्यांनी घेतलंच होतं. मोठ्या टाइपाचं, चेनवालं कव्हर, आणि त्या ते उत्पत्तीपासून सुरू करून प्रकटीकरणापर्यंत नेतात आणि परत उत्पत्तीपासून, मध्ये सुट्टी नाही. ट्रिपला निघालो तेव्हा गाडी ‘गणना’ या पुस्तकात आलेली होती. जुन्या करारातलं हे चौथं पुस्तक म्हणजे इस्राएल लोकांची वाळवंटातली फॅमिली ट्रिप. हे मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

जोधपूरपर्यंत ट्रेन आणि पुढे जैसलमेरपर्यंत मोठी गाडी केली होती, पावणेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूला बोरीबाभळीची झुडपं, खेजडीची झाडं, मध्येच पवनचक्क्या. मी पुस्तक उघडलं की मागून आवाज, ‘‘मम्मी, अजून किती वेळ?’’ आता गंमत बघा, इव्हॅग्रियस नावाचा एक मठवासी चौथ्या शतकात लिहून गेलाय की भर दुपारी माणसाला एक भूत धरतं, दिवस पन्नास तासांचा वाटायला लागतो, माणूस सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य कुठे आला ते बघतो, जेवणाला किती वेळ आहे ते बघतो. हुबेहूब माझी धाकटी! फक्त तो एकट्या साधूबद्दल बोलतोय आणि माझ्याकडे ते भूत एका सीटवरून दुसऱ्या सीटवर उड्या मारत होतं, कारण पाच मिनिटांनी नवरा पण म्हणाला, ‘‘जेवायला कुठे थांबायचं?’’ त्याच वाळवंटातल्या साधूंपैकी अब्बा अगाथोन यांनी गप्प बसायला शिकायचं म्हणून तीन वर्षं तोंडात दगड ठेवला होता म्हणे. रस्त्याच्या कडेला दगड चांगले होते.

शेवटी मागे चार्जरवरून मारामारी लागली तेव्हा मी त्यांना पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. योहान म्हणून एक ठेंगणा साधू होता, तो एकदा मोठ्या भावाला म्हणाला, मला देवदूतांसारखं राहायचंय, काम नाही, काळजी नाही, नुसती देवाची भक्ती. अंगातला झगा काढला आणि गेला वाळवंटात. आठवड्याभराने परत येऊन दार वाजवतो. भाऊ आतून विचारतो, कोण? मी योहान, तुझा भाऊ. आतून उत्तर, योहान तर देवदूत झाला, तो आता माणसांत नाही. आणि सकाळपर्यंत दार उघडलंच नाही. सकाळी उघडून म्हणाला, माणूस आहेस ना, मग खायचं असेल तर काम कर. मुलगा एवढा हसला की चार्जर हातातून पडला. म्हटलं चला, या वयात मुलगा ख्रिस्ती साहित्यावर हसतोय तरी.

जेवणाचं सांगते. ढाब्यावर केर-सांगरी आली. केर म्हणजे त्या काटेरी झुडपाची बारीक फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवतात आणि मग मसाल्यात परततात, मला तर फार आवडली. धाकटीने चमच्याने टोचून विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात पहाटे वाळवंटात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडलेला बघून इस्राएल लोकांनी एकमेकांना नेमकं हेच विचारलंय. मुलाने विचारलं इथे वडापाव मिळत नाही का. तेवढ्यात सासूबाई घासाबरोबर म्हणाल्या, ‘‘गणना अकरा, पाच.’’ म्हणजे काय तर लोक मान्ना खाऊन कंटाळले आणि रडायला लागले की मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आम्हाला मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण! गुलामगिरीतून सुटून आलेत आणि आठवतोय काय तर लसूण. मुलांना हे ऐकवून झाल्यावर त्याच सासूबाई हळूच मला म्हणतात, ‘‘एखादा सुका बोंबील आणला असता भाजून तर काय बिघडलं असतं गं?’’

त्याच अध्यायात पुढे त्या लोकांचा पुढारी मोशे वैतागून देवाला विचारतो की या सगळ्या लोकांना काय मी जन्म दिलाय, म्हणून यांना छातीशी धरून नेऊ? मला त्या मोशेचं फार वाईट वाटतं, पण त्याची एक सोय होती, त्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होतं. माझ्या बाबतीत ‘हो’ आहे, दोन्ही वेळा सिझेरियन.

आणि रस्त्याचं म्हणाल तर ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की होरेब डोंगरापासून देवाने कबूल केलेल्या देशाच्या वेशीवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट. त्या लोकांना पोचून देशात शिरेपर्यंत चाळीस वर्षं लागली. बरं, त्यांना दिवसा ढगाचा खांब आणि रात्री अग्नीचा खांब रस्ता दाखवायला होता. आमच्याकडे मोबाईल होता आणि ‘मला माहितीये’ म्हणणारा नवरा होता. जास्त काही लिहीत नाही, ते पण हे वाचतात.

जैसलमेरचा किल्ला मात्र बघण्यासारखा, ११५६ साली रावळ जैसलने बांधला आणि आत अजून लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, स्कूटर लावलेल्या असतात. पिवळा दगड संध्याकाळच्या उन्हात असा काही पेटतो की धाकटी पण गप्प झाली. तिथून सम, म्हणजे वाळूच्या टेकड्या, चाळीसेक किलोमीटर. थरला जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक म्हणतात. नाताळाच्या आठवड्यात जाऊन बघा, एकेका टेकडीवर दादरचा ब्रिज. मी पुस्तक घेऊन बसायला जागा शोधत होते, एक काका म्हणाले, ‘‘मॅडम जरा सरकता का, आमचा ग्रुप फोटो आहे.’’ मराठीत म्हणाले. साधी चौकशी पण नाही केली की ही कुठली.

मग उंट. उंट बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो आणि उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे फोल्डिंगची खाट मागच्या बाजूने उघडावी तसा तो उघडतो आणि वर बसलेला माणूस थेट वाळूच्या दिशेने निघतो, मग पुढचे पाय आले की मागे. हे कोणी आधी सांगत नाही. उंटवाला ‘‘अम्मा, पीछे झुको’’ म्हणेपर्यंत सासूबाईंनी जोरात येशूचं नाव घेतलं होतं आणि वर गेल्यावर खाली बघून मला म्हणाल्या, ‘‘श्रीमंताला स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं असं प्रभू का म्हणाला ते आता कळलं. केवढा मोठा आहे गं हा!’’ नवऱ्याचा उंट पुढे होता आणि त्याला तिथे नेटवर्क पण मिळालं, तर तो उंटावर बसून ऑफिसमधल्या नवीन मुलांना इयर एंडची शीट कशी करायची ते सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकणं मी आयुष्यात पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं.

मी उंटवाल्याला विचारलं हा पाणी किती पितो. तो म्हणाला तहानलेला असेल तर पीतच राहतो. म्हणून मी मोबाईलवर बघितलं. खूप दिवसांचा तहानलेला मोठा उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊ शकतो. आणि मी तिथेच उंटावर थांबले, म्हणजे उंट चालत होता, मी मनातून थांबले. कारण मला रिबका आठवली.

उत्पत्तीचा २४वा अध्याय आम्ही संडे स्कूलमध्ये घोकलेला. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी बायको बघायला निघतो, विहिरीपाशी येतो, रिबका पाणी भरायला येते, तो प्यायला मागतो आणि ती म्हणते, तुमच्या उंटांनाही पाजते. बाई सांगायच्या, बघा मुलींनो, किती सेवाभावी! चित्रात तिच्या खांद्यावर घागर आणि मागे दोन उंट. पण वचनात उंट दहा आहेत हो. लांबचा प्रवास करून आलेले दहा. पोटभर पाजलं असेल तर हजार लिटरची गोष्ट आहे ही, म्हणजे गच्चीवरची ती काळी टाकी असते ना, ती एक. पंधरा लिटरची घागर धरली तर पासष्ट-सत्तर खेपा, आणि विहिरीत खाली उतरायचं आणि भरून वर यायचं असं लिहिलंय. लहानपणी आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं आणि आई दोन पिंपं भरेपर्यंत कोणाशी बोलायची नाही, म्हणून मला हा हिशोब लगेच कळतो. आणि तो सेवक काय करतोय? २१वं वचन काढून बघा, तो गप्प उभा राहून तिच्याकडे बघत होता! एकटा पण नव्हता, ३२व्या वचनात त्याच्याबरोबरच्या माणसांचे पाय धुवायला पाणी दिलंय, म्हणजे माणसं होती, तीही उभीच. सगळ्यांनी मिळून मुलीची परीक्षा बघितली आणि मुलगी पसंत केली. पसंत नाही करणार तर काय.

मी हे सगळं सासूबाईंना त्यांच्या उंटापर्यंत ओरडून सांगितलं. त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मला बघायला आले होते तेव्हा बारा माणसं होती. सगळ्यांना पोहे, चहा आणि वर माझ्याकडून वचन पाठ म्हणवून घेतलं. एकाने कप उचलून आत ठेवला नाही.’’

रात्री म्हटलं आता तरी. जेवणं झाली, शेकोटी पेटली, कालबेलिया नाच झाला, तो खरंच सुंदर, बाई भिंगरीगत फिरत होती. आणि मग डीजे सुरू झाला. संत अँथनी म्हणजे त्या डेझर्ट फादर्समधला सगळ्यात नावाजलेला, त्याच्या चरित्रात सगळं आहे, भुतं सिंह होऊन यायची, अस्वलं, साप, विंचू होऊन यायची, भिंती हादरतील एवढा आवाज करायची आणि अँथनी ढळला नाही. पण त्यात डीजेचा धडधडणारा बेस नव्हता. कोणीतरी मराठी गाण्याची फर्माईश केली आणि अर्धा कॅम्प उठून नाचायला लागला. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या.

तंबूत पडल्या पडल्या मी अँथनीचाच विचार करत होते. आईबाप गेले तेव्हा तो विशीच्या आतबाहेरचा, चांगली जमीनजुमल्याची घरची स्थिती. चर्चमध्ये वचन ऐकलं की तुझं सगळं विकून गरिबांना दे आणि दिलं की त्याने. मोठा माणूस, प्रश्नच नाही, एकशे पाच वर्षं जगला. पण निघायच्या आधी धाकट्या बहिणीला त्याने ओळखीच्या बायकांच्या हवाली केलं, तेव्हा कुठे त्याला वाळवंट मिळालं. ज्यांच्या हवाली केलं त्या बायकांनी तिचं जेवणखाण, कपडे, दुखलंखुपलं बघितलंच असणार, त्यांची वचनं कुठे छापलेली मला अजून सापडली नाहीत.

पहाटे सगळे घोरत असताना मी शाल घेऊन पुस्तकासकट हळूच बाहेर पडले. थंडी अशी की दात वाजत होते, पण टेकडीवर खरोखर कोणी नव्हतं. वाळूवर रात्री फिरलेल्या किड्यांच्या बारीक शिवणीएवढ्या रेघा, बाकी काही नाही. वाचलं मी. चांगली पंधरा-वीस पानं वाचली. मग बोटं बधिर झाली, पान उलटेना, म्हणून परत आले तर तंबूची चेन आतून बंद.

मी हाक मारली. आतून मुलाचा आवाज, ‘‘कोण?’’

‘‘अरे मी, मम्मी. उघड, गारठलेय.’’

‘‘मम्मी तर देवदूत झाली. ती आता माणसांत नाही.’’

आत खसखस. धाकटीचं हसू मला ओळखू आलं, नवऱ्याचं पण आणि तिसरं जे दाबलेलं हसू होतं ते सासूबाईंचं.

म्हटलं, ‘‘बरं. देवदूताच्या पर्समध्ये चार्जर आहे.’’

एवढ्या पटकन चेन उघडलेली मी कधी बघितली नाही.