मोटर बंद करा

पंचेचाळिसाव्या वर्षी बास गिटार शिकायचं ठरवलं आणि माझी बोटंच आडवी आली. नेहमीचा बास ३४ इंची, म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब. त्यावर चौथा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, सात इंचांवर येतो, आणि माझी करंगळी जन्मापासून घरकोंबडी. मग कळलं की शॉर्ट स्केल म्हणून ३० इंची प्रकार असतो. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर कंपनीचा बास ३० इंचीच. म्हणजे लाजायचं कारण नव्हतं.

कोथरूडला एका इंजिनिअरिंगच्या पोराकडे सेकंडहँड मिळाला. प्लेसमेंट झाल्यामुळे त्यांचा बँड मोडला होता. नऊ हजारांत सौदा झाला. घरी आईने आधी तारा मोजल्या. "चारच? गिटारला सहा असतात ना रे? मग पैसे का नाही कमी केले त्याने?" जेवण होईपर्यंत ती मला त्या पोराला फोन लावायला सांगत होती.

वाजवून बघितलं, तर डबीत माशी कोंडल्यासारखा आवाज. सेटअप, म्हणजे मान-तारांची जुळवाजुळव, हवा होता. कारागिराकडे न्यायचं सोडून मी स्वतःच बसलो, कारण मी पुणेकर आहे आणि व्हिडिओ फुकट होते. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून वाजवायची, मग दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर घोडीवरचं सॅडल (तार जिच्यावर टेकते ती बैठक) स्क्रूने मागे न्यायचं. दोन संध्याकाळी खर्चून चारही तारा सुरात आणल्या. तिसऱ्या दिवशी समजलं, हे काम सगळ्यात शेवटी करायचं असतं. आधी मान, मग तारांची उंची, मग हे. आधी कळस, मग पाया!

मानेच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, ती मागे. माझी मान (म्हणजे बासची) नको तितकी ताठ झाली होती. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, मध्ये तारेखाली साधारण व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. विमा एजंटने दिलेलं कार्ड आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. ॲलन की एका वेळी पावच फेरा फिरवायची, जास्त नाही. मी पाव फिरवायचो आणि लाकूड तडकतंय का म्हणून कान लावून बसायचो. लेकीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने उंची मोजली, सॅडल पुन्हा लावले, माशी उडाली.

राहिला ॲम्प, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. आमच्या जुन्या इमारतीत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नावापुरतंच, त्यामुळे तो मुळातच गुणगुणतो. वीज ५० हर्ट्झची, आणि जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबला की येतो ४९. तो सूर धरून बसलो की वरचे काका चपला न घालता खाली धावायचे, "अहो, मोटर बंद करा, टाकी भरली!" तीन-चारदा धावल्यावर त्यांनी धावणं सोडलं.

परवा टाकी भरून पाणी जिन्यातून वाहिलं. मोटर दोन तास चालू होती, आणि सगळे म्हणत होते, वाजवतोय. मी तेव्हा मंडईत भाजी घेत होतो.

आता जिन्यात पाटी लागली आहे: "मोटर व बास एकाच वेळी चालू ठेवू नयेत. हुकूमावरून."