जेडाय साधक आणि वेशधारी चाहते

स्वतःला जेडाय (‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील काल्पनिक योद्धा-साधूंच्या पंथाचे अनुयायी) म्हणवणारे सगळे झगा घालून मिरवणारे चाहतेच आहेत, हे या पंथावरील लेखातील विधान मला घाईचे वाटते. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,९०,००० लोकांनी धर्म म्हणून ‘जेडाय’ लिहिले, त्यांत थट्टेखोरच अधिक असावेत. परंतु १९७७ साली सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेतून स्फूर्ती घेऊन नित्य ध्यान करणारा आणि आपल्या रागावर ताबा मिळवू पाहणारा साधक वेगळा, आणि त्याला झग्याची (प्लास्टिकच्या तलवारीची तर नाहीच) गरज पडत नाही. २०१६ मध्ये इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने ‘टेंपल ऑफ द जेडाय ऑर्डर’ या जेडाय संघटनेला धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी नाकारताना श्रद्धेतील सुसंगतीच्या अभावावर बोट ठेवले होते. लेखकाने टीका तिथे करायला हवी होती.