बंपरच्या टोकांचा मुद्दा राहून गेला

जीपच्या पोलादी बंपरवरील तुमच्या लेखातील ‘पोलादी बंपर घ्यायचा तो केवळ मजबुतीसाठी’ हे विधान मला अपुरे वाटते. जीपच्या रँग्लर रुबिकॉन या खडकाळ वाटांसाठीच्या गाडीला कंपनीकडूनच मिळणाऱ्या पोलादी बंपरची दोन्ही टोके बोल्ट काढून वेगळी करता येतात, आणि ती काढली की चाकांपुढची जागा मोकळी होऊन खडकाला बंपरच्या आधी टायर टेकतो. खरा फायदा हा आहे. वेल्ह्याच्या बाजूला एका ओढ्यातून वर चढताना माझ्या गाडीच्या प्लास्टिक बंपरचा डावा कोपरा खडकात अडकला, क्लिपा तुटल्या आणि पुण्यापर्यंत तो दोरीने बांधून आणावा लागला. मधल्या भागावर मात्र साधा ओरखडाही नव्हता.

कंपनीचा बंपर न घेता ‘बाजारातून बसवून घेतला तरी तेच’ हे लेखातील दुसरे विधान तर साफ चूक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन क्रॅश गार्ड आणि बुलबार या बाहेरून बसवलेल्या धातूच्या संरक्षक दांड्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. शिवाय धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार कंपनीच्या बंपरमध्ये आधीच झालेला असतो, जो गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात होणे शक्य नाही.