ओल्गा सोसिनाला कमी लेखणारे तीन आक्षेप

रशियाची आइस हॉकीपटू ओल्गा सोसिना हिच्याविषयी एक मत वारंवार मांडले जाते. चार ऑलिंपिक खेळूनही तिच्याकडे पदक नाही, तिचा संघ उत्तेजकांमुळे बाद ठरला आणि तिचे गोल दुबळ्या देशी लीगमधले आहेत, म्हणून तिला मोठी खेळाडू म्हणू नये, असे ते मत आहे. यातली पदकाची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो.

महिलांची आइस हॉकी १९९८ साली नागानो येथे ऑलिंपिकमध्ये आली. तेव्हापासून २०२२ पर्यंत, २००६ मधले स्वीडनचे रौप्य सोडले तर, पहिली दोन्ही स्थाने अमेरिका आणि कॅनडा यांच्याकडेच राहिली. उरलेल्या देशांची खरी झुंज कांस्यपदकासाठी असते आणि सोसिनाला तोलायचे तर त्या झुंजीतच तोलले पाहिजे. तातारस्तानातल्या अल्मेत्येव्स्कची ही मुलगी २०१० मध्ये व्हँकुव्हरला खेळली तेव्हा सतरा वर्षांची होती. २०१८ मध्ये प्याँगचांगला ती कर्णधार असताना संघ गटातले तिन्ही सामने हरला, त्यांत त्याने एक गोल केला आणि पंधरा स्वीकारले. तरीही उपांत्यपूर्व फेरीत त्याने स्वित्झर्लंडला ६-२ असे हरवले आणि कांस्यपदक फिनलंडविरुद्ध २-३ अशा एका गोलाने हुकले. त्याच फिनलंडला २०१३ मध्ये ओटावा येथे २-० असे आणि २०१६ मध्ये कॅमलूप्स येथे गोलशून्य बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरवून रशियाने जागतिक स्पर्धेची दोन कांस्यपदके मिळवली होती, आणि त्या दोन्ही संघांत सोसिना होती. चार ऑलिंपिक मोजणारे ही दोन पदके मोजत नाहीत.

उत्तेजकांचा आक्षेप गंभीर आहे, म्हणूनच तो नेमकेपणाने मांडायला हवा. सोची येथील २०१४ च्या स्पर्धेसंदर्भात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २०१७ मध्ये आठ महिला हॉकीपटूंवर कारवाई केली आणि संघाचा निकाल रद्द केला. त्या आठ नावांत सोसिनाचे नाव नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रीडा लवादाने आठपैकी पाच जणींवरची कारवाई पुराव्याअभावी रद्द केली आणि तिघींवरचा ठपका कायम ठेवून त्यांची आजीवन बंदी तेवढी काढली. संघाच्या पाटीखाली एका निर्दोष खेळाडूला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, आणि असा अन्याय इतक्या सहजपणे पसरवला जातो याचे मला खरेच वाईट वाटते.

लीगविषयी थोडक्यातच सांगता येईल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या रशियन महिला लीगमध्ये चीनशी संलग्न असलेला व्हँके रेज हा क्लब अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स कार्पेंटरसारख्या ऑलिंपिक पदकविजेत्या खेळाडू घेऊन उतरला आणि २०२० व २०२२ मध्ये विजेता ठरला. त्याच लीगमध्ये उफाच्या अगिदेल क्लबकडून खेळताना सोसिना गोल आणि गोलसाहाय्य मिळून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूंत होती.

आणखी एक गोष्ट या मतात येतच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर, बीजिंग ऑलिंपिक संपून काही दिवसच झाले असताना, युक्रेनवरील आक्रमणामुळे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने रशियाचे सर्व संघ निलंबित केले. तेव्हा सोसिना एकोणतीस वर्षांची होती. त्यानंतरच्या जागतिक स्पर्धांत तिने काय केले असते, याचा हिशेब तिच्या नावावर लावता येत नाही.