वाद झाला म्हणून लेख खोटा ठरत नाही

"विकिपीडियावर कोणीही येतो, काहीही लिहितो. जो शेवटपर्यंत भांडतो त्याचंच टिकतं. प्रचालक म्हणतील ते खरं. म्हणून ज्या लेखावर वाद झालाय तो वाचूच नका." या आशयाचा मजकूर सतत फॉरवर्ड होत असतो. (प्रचालक म्हणजे जास्तीचे अधिकार असलेले, देखरेख करणारे स्वयंसेवक.) त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उफराटा आहे.

'कोणीही काहीही लिहितो' हे वादग्रस्त लेखांना तर सगळ्यात कमी लागू पडतं. इंग्रजी विकिपीडियावर काही अतिशय वादग्रस्त विषयांना हात लावायचा तर किमान ३० दिवस जुनं खातं आणि ५०० संपादनं लागतात. आजच खातं उघडून आलेल्याला तिथे थेट बदल करता येत नाही.

'जो जास्त भांडतो तो जिंकतो' या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं, म्हणजे त्याचा बदल रद्द केला, की खातं गोठवलं जाऊ शकतं. उघड नासधूस पुसण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर 'पण माझंच बरोबर होतं' ही सबब चालत नाही. मग वाद चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, जातो. समजा, एका लढाईतल्या मृतांच्या आकड्यावरून जुंपली आहे. एकजण एका इतिहासकाराचा आकडा टाकतो, दुसरा तो काढून सरकारी अहवालातला टाकतो. चर्चापानावर पहिला प्रश्न येतो: हा आकडा कुठून घेतला, पान क्रमांक काय? बऱ्याचदा शेवटी लेखात दोन्ही आकडे राहतात, कोणता कोणाचा ते सांगून. वाचकाला एका आकड्याऐवजी मतभेदच कळतो, आणि इतिहासात तेवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. चिकाटीचा फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो, आणि नवखे लोक कंटाळून निघून जातात, हे मला खरोखर डाचतं. पण संदर्भाशिवाय नुसती चिकाटी फार काळ पुरत नाही.

प्रचालकांचं थोडक्यात. ते पान सुरक्षित करू शकतात, खातं गोठवू शकतात; मजकुराबाबत त्यांच्या मताला नियमाने वेगळं वजन नाही. इंग्रजी विकिपीडियाची लवाद समितीही वागणुकीवर निर्णय देते, कोणता इतिहास खरा यावर नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात घातक मुद्दा: वाद असलेला लेख वाचू नका. मोठ्या फसवणुकी कुठे झाल्या ते बघा. २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेंथेलर यांच्या लेखात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर कोणीतरी घुसडला. तो चार महिने तसाच राहिला, कारण त्या पानाकडे फारसं कोणी बघत नव्हतं. स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या, इंग्रजीला जवळच्या भाषेच्या विकिपीडियावर ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षं हजारो लेख लिहिले. २०२० मध्ये ते उघडकीला आलं, तोवर त्याला अडवणारं कोणी भेटलंच नाही.

क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे एका गटाने प्रचालकपदं ताब्यात घेतली, विरोध करणाऱ्यांची खाती गोठवली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या क्रोएशियाच्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून मांडले. 'प्रचालक म्हणतील ते खरं' ही भीती तिथे खरी ठरली, पण वाद दडपले गेल्यामुळे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्यावर अहवाल काढला.

याउलट, २०१९ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात असं दिसलं, की परस्परविरोधी राजकीय मतांच्या संपादकांनी मिळून घडवलेले लेख एकाच मताच्या गटाने लिहिलेल्या लेखांपेक्षा दर्जाने सरस होते. सारखं भांडण होतं म्हणून ते लेख बिघडले नव्हते.

तेव्हा एखाद्या लेखाबद्दल शंका आली तर त्याचं 'इतिहास' पान उघडा. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लावता येतात. काय काढलं, काय घातलं, कधी, कोणत्या खात्यावरून, सगळं दिसतं. मग चर्चापान वाचा. तिथे एकाच वाक्यावर दहा लोकांनी पुस्तकांची पानं काढून वाद घातला असेल, तर ते वाक्य मी जास्त भरवशाने वाचते. दोन्ही पानं ओस असतील, तर खालचे संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्यातलं काही पुढे पाठवत नाही.